मीनावहिनीची घरचीच माणसं

माझी वहिनी बोलायला लागली की समोरच्याने फक्त मान हलवायची. मी तिची नणंद, तेव्हा तिची थट्टा करायचा हक्क मला नात्यानेच मिळालाय आणि मी तो सोडत नाही. पण एक मान्य करते. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत, जिथे आमची कांद्याची चाळ होती तिथे तिने द्राक्षांचं पॅकहाउस उभं केलं, ते स्वतःच्या हिमतीवर. माझा भाऊ किशोर टेम्पो चालवतो आणि वहिनी सांगेल तिकडे नेतो. मी वजनकाट्यावर बसते.

हायवेवरच्या मोठ्या पॅकहाउसांपुढे आमचं म्हणजे दर्यामें खसखस. एक शेड, एक थंड खोली, काही टेबलं आणि सुरगाण्याकडून सीझनला येणाऱ्या बायकांची एक टोळी. बागेतून क्रेट येतात, बायका घडातले खराब मणी कात्रीने काढतात, घड प्लॅस्टिकच्या डब्यांत भरतात, मी वजन करते, आणि कंटेनर भरला की माल परदेशी रवाना होतो. टोळी आणायची चतुराबाईने. ती कमी बोलते, हात मात्र असा चालतो की बघत राहावं. तिचा नवरा सहादू गाड्या भरायचा. किशोरला टेम्पो मागे घ्यायला लावताना "येऊ द्या, येऊ द्या" असं ओरडत तो शेवटी हमखास हसायचा. का हसायचा ते देव जाणे.

वहिनीचं लाडकं वाक्य एकच. "आमच्याकडे नोकर-बिकर कुणी नाही हो, सगळी घरचीच माणसं." बँकेच्या साहेबाला तेच, एक्स्पोर्टरच्या माणसाला तेच. घरचं माणूस म्हटलं की रविवारची सुट्टीसुद्धा मागता येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. पण ते वाक्य खोटं नव्हतं. कुणाला ताप आला तर दवाखान्यात वहिनी स्वतः घेऊन जायची. थंडी पडली की बायकांच्या पोरांना स्वेटर आणायची. चांगल्या मनाची आहे ती, फक्त घाईत असते.

आणि घाई का नसावी? अलीकडे माणूस मिळणं म्हणजे उंबराचं फूल दिसण्यासारखं झालंय. दिंडोरीकडच्या कारखान्यांच्या गाड्या पोरींना दारातून घेऊन जातात. काही गुजरातला जातात, काहींनी गावातच स्ट्रॉबेरी लावली. मोठ्या पॅकहाउसांत दोन पाळ्या चालतात. आमच्यासारख्या छोट्याला एक टोळी मिळाली तरी नशीब. दरवर्षी डिसेंबर उजाडला की वहिनीचा एकच प्रश्न, चतुराबाई येईल ना?

यंदाही ती आली. सहादू मात्र सोबत नव्हता. गेटपाशी वहिनीने विचारलं, "सहादू नाही आला?" चतुराबाई म्हणाली, "नाय आला." त्यावर वहिनी लगेच, "मग गाडी भरायला दुसरा माणूस बघ गं, उद्यापासून माल सुरू." चतुराबाईने आपल्या भाच्याला, पुंजाला उभं केलं. पुंजाही कामाला चांगला निघाला. विषय तिथेच संपला.

आमच्याकडे परदेशी मालाचे नियम कडक. तपासणीवाले कधीही टपकतात. आत जाताना प्रत्येकीने बांगड्या, पोत, टिकली गेटवरच्या डब्यात काढून ठेवायची, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे. त्यामुळे सीझनभर आम्हाला बायकांचे फक्त डोळे दिसतात. संध्याकाळी त्या आपल्या खोल्यांकडे निघायच्या तेव्हा आम्ही माल मोजण्यात गुंतलेल्या असायचो.

मार्चमध्ये होळी आली. सुरगाण्याकडच्या माणसांना दिवाळीचं एवढं काही नाही, पण होळीला ती गावात नाहीत असं होत नाही. दरवर्षी त्या दिवसांत आमचं काम आठवडाभर थंड पडायचं. यंदा मात्र होळीच्या दुसऱ्या दिवशी कंटेनर भरायचा होता, आणि एक्स्पोर्टरच्या माणसाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, हा चुकला तर पुढचं काम मोठ्या पॅकहाउसला. पॅकहाउसवर कर्ज होतं. परदेशी मालाचं काम हातचं गेलं तर ते फिटणार कसं, हा प्रश्न वहिनीला झोपू देत नव्हता.

तेव्हा तिने अक्कल लढवली. "टोळी होळीला जाते ना? मग होळीच इथे आणू!" अंगणात लाकडं रचली, ढोलवाला ठरवला, बायकांसाठी पुरणपोळीचा बेत केला. चतुराबाईला बोलावून सगळं उत्साहाने सांगितलं. चतुराबाई ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं." वहिनी खूश. मीही म्हटलं, वहिनी, तुझ्या डोक्याला तोड नाही.

होळीच्या सकाळी पुरण शिजत होतं आणि टोळी कामावर आली ती हातात बोचकी घेऊन. टोपी नाही, मास्क नाही. चतुराबाई पुढे आली.

"ताई, आमी निघतो. जीप बोलावलीय."

"निघतो? अगं, तू बरं म्हणाली होतीस!"

"तुमी एवढं मनापासून सांगत होत्या. तोंडावर नाय कसं म्हनावं?"

वहिनीचा पारा चढला. "उद्या कंटेनर आहे, चतुराबाई! हा गेला तर मी बुडाले. होळी दारात आणली, पुरण शिजतंय, आणखी काय करायचं घरच्या माणसांसाठी?"

चतुराबाई शांतपणे म्हणाली, "गावची होळी गावातच लागती ताई. आन् यंदा मला जावंच लागंल. दुखवट्याचा रंग टाकायचाय माज्यावर."

"कसला दुखवटा?"

"आमचा मालक गेला ना. पोळ्याला."

तिच्या मोकळ्या कपाळाकडे आणि रिकाम्या हातांकडे तेव्हा कुठे आमचं लक्ष गेलं. रोज आमच्याच नियमाने सगळ्याच बायकांची कपाळं मोकळी असायची, त्यात तिचं कोण बघणार? सहादू गेला होता. पोळ्यापासून होळीपर्यंत आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, आणि त्यातले कितीतरी दिवस ती आमच्यासमोर उभी राहून घड साफ करत होती. घरात माणूस गेलं की पहिल्या होळीला गाव येऊन रंग टाकतं, तेव्हा दुखवटा सुटतो. तोवर त्या घराने सण करायचा नसतो. आणि आम्ही तिच्यासाठी ढोलवाला ठरवला होता!

वहिनी उपड्या क्रेटवर बसली. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "कसा गेला गं?"

"आता नाय ताई, जीप येईल. परत आल्यावर सांगते."

वहिनी उठली आणि किशोरला म्हणाली, "एका जीपमध्ये एवढ्या जणी कशा मावतील? टेम्पो काढा, उरलेल्यांना तुम्ही सोडून या." पुरणाच्या पोळ्या आम्ही दोघींनी भराभर लाटल्या आणि टेम्पोत बांधून दिल्या. टेम्पो गेल्यावर तिने एक्स्पोर्टरच्या माणसाला फोन लावला. तो चिडला नाही. "ठीक आहे मॅडम, आम्ही सोय करतो," एवढंच म्हणाला, आणि वहिनी काय ते समजली. मग ती रडली. कंटेनरसाठी की सहादूसाठी, मी विचारलं नाही. मला वाटतं दोन्हींसाठी.

रंगपंचमी झाली तरी टोळीचा पत्ता नव्हता. येणारे-जाणारे सांगू लागले, गेली तुमची टोळी, बसा आता हात चोळत. कुणी म्हणालं, हायवेवरच्या पॅकहाउसने उचलली. मीही तेच धरून चालले होते. वहिनी मात्र रोज शेड झाडून घ्यायची. "आल्यावर सांगते म्हणालीय ती," असं म्हणायची.

आणि एका सकाळी चतुराबाई आली. दोन-तीन पोरी गुजरातला गेल्या होत्या, बाकी सगळ्या होत्या. परदेशी मालाचं काम आमच्या हातून गेलं होतं. उरलं होतं ते बाजारचं काम, म्हणजे कमी भाव आणि कमी दिवस. वहिनीने ते आधीच सांगून टाकलं. चतुराबाई म्हणाली, "जेवढं हे तेवढं करू."

मग वहिनीने मला काटा बंद करायला सांगितलं. क्रेट उन्हात तसेच ठेवून ती चतुराबाईसमोर बसली आणि म्हणाली, "आता सांग."

"भाताच्या आवणीला होता शेतात. कावीळ झाली. दवाखान्यात नेला, पन उशीर झालता."

"आणि मला कळवलं नाहीस? एक फोन करायचा होतास गं!"

"केला व्हता ना ताई. दुसऱ्या दिवशी. मी नाव सांगितलं आन् तुमी म्हनल्या, अगं चतुराबाई, अजून बागांची छाटणीसुद्धा झाली नाही, एवढ्यात काम कुठलं? दिवाळीनंतर फोन कर. आन् ठेवला."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच फार लागलं. वहिनीला तो फोन आठवत असणार, कारण तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी तुला बोलूच दिलं नाही," ती म्हणाली.

"तुमी कामात असाल," चतुराबाई म्हणाली, आणि उलट तिच्याच पाठीवरून हात फिरवत बसली.

आता आषाढ चालू आहे. पॅकहाउसला कुलूप आहे आणि पुढच्या सीझनला माल कुणाचा, हे अजून ठरलेलं नाही. 'घरचीच माणसं' हे वाक्य वहिनीच्या तोंडून मी त्यानंतर ऐकलेलं नाही. परवा मी तिच्याकडे गेले तर ती ओट्याशी उभी राहून फोन लावत होती. पलीकडून धास्तावलेला आवाज आला, तो मलाही ऐकू आला.

"काय झालं ताई? काम निघालं का?"

"नाही गं. काम काही नाही. कशी आहेस, ते विचारायला केला."

पलीकडून पावसाचा आवाज येत होता. मग चतुराबाई म्हणाली, "थांबा ताई, आवणीत हे मी. बांधावर येते आन् बसून बोलते."