बॉल वापस

निवड चाचणीच्या सामन्यात माझ्या पायात चेंडू आला, समोर कोणी नव्हतं, आणि मी तो मैदानाबाहेर उभ्या असलेल्या सरांना दिला.

सरळ त्यांच्या पायात. जमिनीलगत, नीट.

पलीकडची गोलरक्षक पुढे सरकलेली होती. तिच्या मागे सगळं मोकळं होतं. माझ्या संघाच्या मुली पळत सुटल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या. आधी कोणाला कळलं नाही. मग बाकांवरचे पालक हसले. निवड करायला आलेल्या बाईंनी सरांना विचारलं, "ये क्या किया इसने?"

सर म्हणाले, "डिफेंडर है, मॅडम. इतना ही आता है."

मला बाहेर काढलं. मी सतरा वर्षांची होते.

सर खोटं बोलले नव्हते. मला तेवढंच येत होतं. तेवढंच का येत होतं, ते लिहिते.

आम्ही चामराजपेटचे. अप्पा मूळचे निपाणीकडचे, चिकपेटमध्ये साड्यांच्या घाऊक दुकानात गठ्ठे बांधायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मी गल्लीत मुलांबरोबर फुटबॉल खेळायचे. एका स्पर्धेत एका खासगी अकादमीच्या सरांनी मला आणि रेणुकाला पाहिलं. रेणुका आमच्याच गल्लीतली. मला अक्का म्हणायची. सर म्हणाले, फुकट शिकवतो, बूटही देतो. मैदान इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ, कृत्रिम गवताचं, चारी बाजूंनी जाळी. शनिवार-रविवारी सकाळी बस बदलत आम्ही दोघी जायचो.

तिथला नेहमीचा सराव असा. चौघी आक्रमणाला, दोघी बचावाला. चौघींनी चेंडू आपसात फिरवत, जागा बदलत, दोघींना चकवून गोल करायचा. बचावातल्या दोघींनी अंगावर पिवळी जाळीची बंडी घालायची. नियम एकच. जिच्याकडून चेंडू गेला तिनं बंडी घालून बचावात यायचं, जिनं काढला तिनं आक्रमणात जायचं. सगळीकडे असंच खेळतात. पहिल्या दिवशी सरांनीही असंच सांगितलं.

माझी आणि रेणुकाची बंडी मात्र उतरली नाही. मी चेंडू काढला की सर ओरडायचे, "बॉल वापस." मी त्यांना द्यायचे. ते पुन्हा त्या चौघींना द्यायचे. त्या चौघी दमल्या की दुसऱ्या चौघी यायच्या. समोर आम्हीच.

फी भरणाऱ्या मुलींची आपसात बदली व्हायची. कधी त्यांच्यातल्या कोणी हौसेनं बंडी घातली तर चेंडू काढताच ती हसत बाहेर यायची. मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "तुम्हारा डिफेन्स पक्का हो रहा है ना?"

झालं पक्कं. चौघींपैकी कोण कुठे पळणार, ते मला तिच्या खांद्यावरून कळायला लागलं. चेंडू काढल्यावर काय करायचं, ते दोन वर्षांत कोणी शिकवलं नाही. पायांना एकच वाट ठाऊक झाली. सरांकडची.

चाचणीनंतरच्या शनिवारीही मी गेले. जायची इच्छा नव्हती. घरी बसायचीही नव्हती. खेळ थांबला तेव्हा पाणी प्यायला जाळीजवळ उभी होते. पलीकडे सान्वीची आई होती. सान्वी फी भरणाऱ्यांतली, आक्रमणात खेळायची. तिची आई पुण्याची, इथे आयटीत. ती शेजारच्या बाईंना मराठीत सांगत होती, "ह्या पिवळ्या दोघी ना, फ्री आहेत. आपल्या मुलींना प्रॅक्टिस मिळावी म्हणून ठेवल्यात. सर हुशार आहेत हं."

दुसरी म्हणाली, "बरंय की. त्यांचीही सोय होते."

आवाजात वाईटपणा नव्हता. नवी कामवाली लावली, असं सांगावं तसं बोलत होत्या. भाषा आमच्या घरातली. दोन वर्षं मला जे धड मांडता येत नव्हतं, ते त्या बाईनं माझं पाणी पिऊन होईपर्यंत सांगून टाकलं होतं.

सराव पुन्हा सुरू झाला. सान्वीनं चेंडू आडवा दिला. मी मध्ये पाय घातला.

"बॉल वापस."

मी चेंडू पायाखाली धरला. बंडी काढली. सान्वीपुढे केली.

"क्या हुआ?" सर म्हणाले. "पहनो."

"सर, बॉल उसका गया. वो अंदर आएगी."

सान्वी सरांकडे बघत राहिली. जाळीपलीकडून तिची आई म्हणाली, "सान्वी, तू नको हं घालूस ते. घामानं ओलं असेल."

मी मराठीत म्हणाले, "काकू, चेंडू तिच्याकडून गेला. बचावात तिनं यायचं."

त्या म्हणाल्या, "अगं, तू मराठी? सांगायचंस ना. गणपतीला बोलावलं असतं तुला."

मी हात तसाच पुढे ठेवला. सान्वीनं बंडी घेतली नाही. सर जवळ आले. आवाज चढवला नाही. "पहनना है तो पहनो. नहीं तो घर जाओ."

मी बंडी गवतावर ठेवली. बूट अकादमीचे होते, तेही काढून ठेवले. चपला घालून बाहेर आले. रेणुका आत राहिली. तिला मी दोष दिला नाही. अकादमी म्हटल्यावरच तिचे घरचे तिला खेळायला सोडत होते.

काही आठवड्यांनी सर आमच्या घरी आले. आईनं कॉफी केली. सर अप्पांना अण्णा म्हणत कन्नडमध्ये बोलले. मुलगी चांगली आहे, स्वल्प तापट आहे. पुढच्या निवडीला नावं अकादमीच पाठवते. वयाप्रमाणे हिचं हे शेवटचं वर्ष. अप्पा "सरी, सरी" म्हणत मान डोलावत होते. मग सर माझ्याकडे वळले, तेही कन्नडमध्येच.

"तू आक्रमणात खेळ. शब्द देतो. फक्त तुझ्या जागी गल्लीतली एखादी मुलगी आण. रेणुकाला जोडीला कोणीतरी लागेल."

कॉफी पिता पिता, सहज म्हणाले.

अप्पा मला मराठीत म्हणाले, "वाईट काय आहे त्यात? तू तर सुटशील."

मला हवं होतं ते. खोटं कशाला सांगू. जागेपणी आणि झोपेत तेवढंच हवं होतं. मी गल्लीतल्या मुलींची नावं मनात घेऊन पाहिली. चांगलं खेळणाऱ्या होत्या. घरून सोडतील अशाही होत्या. जिचं नाव घेतलं तिच्या अंगावर पिवळी बंडी दिसली.

"आणणार नाही," मी म्हणाले.

"नीट विचार कर. वर्ष जाईल."

"केला."

वर्ष गेलं. माझं नाव कोणी पाठवलं नाही, वय संपलं. मी कोणत्याच निवडलेल्या संघातून खेळले नाही. अप्पा टीव्हीवर फुटबॉल लागला की उठून आत जायचे.

आता मी नोकरी करते. रविवारी गल्लीतल्या मुलींना घेऊन मातीच्या मैदानावर जाते. आठवडाभराचा थकवा अंगात असतो, तरी जाते. शहरात अकादम्या वाढल्यात. त्यांच्यातले कोणी ना कोणी सर मैदानाच्या कडेला येऊन उभे राहतात. फुकट शिकवू म्हणतात, बूट देऊ म्हणतात. मुलींचे डोळे चमकतात. मी कोणाला जाऊ नको म्हणत नाही. एवढंच सांगते, चेंडू काढलास की आक्रमणात जा. जाऊ देत नसतील तर त्याच सकाळी परत ये.

आणि ते सर मला बाजूला घेऊन म्हणतात, मॅडम, दोन मुली द्या, बचावाला.

मी नाही म्हणते. कारण सांगत नाही. माझ्या हातून त्यांना एकही मुलगी मिळणार नाही.