धाकट्याचं म्हातारपण

पेजेचा चमचा मी धाकट्या भावाच्या तोंडाशी नेला, तर अर्धी पेज ओठांच्या कोपऱ्यातून ओघळली. गेल्या महिन्यात रक्तदाब वाढून त्याची उजवी बाजू लुळी पडली.

"ताई, वय पंचेचाळीस असलं, तरी यांच्या रक्तवाहिन्या सत्तरीच्या झाल्यात," डॉक्टर म्हणाले होते. "वर्षानुवर्षांच्या खारट खाण्याने पेशीसुद्धा लवकर म्हाताऱ्या होतात."

मी साठीची. माझ्या पाठचा म्हातारपणात माझ्या पुढे निघून गेला. आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं. भाजी नको म्हणून रडायचा, तेव्हा लोणच्याचा खार कालवून भात द्यायचे. पोर जेवतंय, एवढंच मला दिसायचं.

"मीठ..." तो अडखळत म्हणाला.

"नाही रे, राजा."

त्याने मुकाट्याने तोंड उघडलं. माझा हातच पुढे होईना.