मापासाठी कुबराचा हात

भिवंडीत आमच्या कॉलेजात नूर मोहम्मद सर वनस्पतिशास्त्र शिकवायचे. खारबावच्या खाडीकाठची तिवरं, कांदळ, मारांडीची निळी फुलं, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात. वर्गात पडदे ओढून ते स्लाईड दाखवत. अशा फोटोत मापासाठी पानाशेजारी पट्टी ठेवतात. सरांच्या स्लाईडमध्ये बाईचा हात असायचा. काचेच्या बांगड्या, नखावर उतरलेली मेंदी.

"मधलं बोट साडेसात सेंटिमीटर. आता पान किती?"

"दीड मॅडम, सर!" मागच्या बाकावरून आवाज यायचा. सगळ्यात मोठ्यानं सरच हसायचे.

मॅडम म्हणजे त्यांची बायको, कुबरा. चेहऱ्याचा फोटो तिला चालायचा नाही. "हात घ्या की. तुमच्या झाडांना माझं तोंड कशाला बघायचंय?" असं म्हणत ती चिखलात उतरायची, हे सर साभिनय सांगायचे. आम्ही कॉलेजात आलो तेव्हा ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा लेक नबीला जेमतेम चालायला लागली होती.

निवृत्त होताना सरांनी सगळ्या स्लाईड विद्यापीठाच्या संग्रहाला दिल्या. मग त्यांना विसर पडू लागला. आधी चाव्या, मग स्वतःची गल्ली. २००७ मध्ये, ईद झाल्यावर, एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "तुझी अम्मी कशी दिसायची गो?"

नबीलाला तरी कुठं आठवत होतं! "तुम्हाला आठवत न्हाय, अब्बा?"

"काल आठवत होतं ना."

एखाद्या स्लाईडमध्ये चुकून तरी चेहरा आला असेल, म्हणून ती त्यांना घेऊन विद्यापीठात गेली. संग्रह सांभाळणाऱ्या विनिताबाईंनी डबे काढले, खालून उजेड येणाऱ्या टेबलावर स्लाईड मांडल्या, दोघांना भिंगं दिली.

"काय बघायचंय? फुलं, खोडं?"

"अम्मी," नबीला म्हणाली.

विनिताबाई खुर्ची ओढून स्वतःही शोधायला बसल्या.

हातच हात. ओली मेंदी. तव्याचा चटका. एकात ओढणीची कड, एकात कोपर. पुढे बोटं वाळली, तेव्हा अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळलेला. चेहरा कुठंच नाही.

"लांबी तेवढीच हाय," सर भिंगात बघत पुटपुटले.

शेवटच्या डब्यात तिवराच्या फुलाशेजारी स्टीलची पट्टी होती. पुढच्या स्लाईडमध्येही पट्टीच. सर ताडकन उठले.

"पट्टी कोणी ठेवली? कुबराला का न्हाय बोलावलं?"

"अब्बा, बसा ना."

"हाक मार तिला. भरती यायच्या आत फोटो व्हायला पाहिजे!"

नबीलानं त्यांना धरायला हात पुढं केला. सरांनी तो टेबलावरच्या उजेडात धरला, मधलं बोट सरळ केलं, भिंगातून नीट पाहिलं. मग अलगद बाजूला ठेवला.

"हा तिचा न्हाय. तिला बोलव."

"बोलावते, अब्बा," नबीला म्हणाली आणि डब्याचं झाकण लावू लागली.