फळ्यावरची सही

भाऊ गेल्याचा निरोप मला अलिबागला, मी शिकवते त्या शाळेत मिळाला आणि मी मिळेल त्या एसटीने गावी निघाले. आमच्याकडे एसटी वाचनालयासमोर थांबते. उतरले तर समोर फळा, आणि फळ्यावर ताज्या खडूने लिहिलेलं : 'वाचनालयाचे माजी चिटणीस भाऊ यांचे निधन झाल्याचे समजते.' समजते! हाकेच्या अंतरावर घर, अंगणात माणसं जमलेली, आत माझा सख्खा भाऊ चटईवर निजवलेला, आणि यांना आपलं समजते! मी पिशवी खाली टाकली आणि तिथेच तोंड सोडलं. "कोणी लिहिलंय हे? जाऊन बघायला काय पाय मोडले होते?" नवा चिटणीस बाहेर आला, चाचरत म्हणाला, "ताई, बातमी तशीच लिहायची पद्धत असते." पद्धत असते… ज्या माणसाने त्या फळ्यावरून हा शब्द कायमचा पुसला होता, त्याच्याच मरणावर तो शब्द लिहिलेला. मला तिथे रडू आलं नाही, राग आला. रडू घरी गेल्यावर आलं.

भाऊ माझ्याहून बराच मोठा. सुपारीची लहानशी वाडी, तिच्यावर पोट, आणि उरलेला सगळा जीव वाचनालयावर. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी गावाने वर्गणी काढून बॅटरीवरचा रेडिओ घेतला आणि बाहेरच्या भिंतीला फळा ठोकला. मुंबईचा पेपर लाँचने रेवसला यायचा, तिथून मोटारीने आमच्याकडे, तोवर दुपार टळलेली असायची. त्यातून वाचता येणारी माणसं थोडी. संध्याकाळी भाऊ रेडिओ ऐकून फळा लिहायचा आणि ज्यांना वाचता येई ते बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. मासळीच्या टोपल्या रिकाम्या करून परतणाऱ्या कोळणी, वाड्यांतले गडी, मोहल्ल्यातले म्हातारे, सगळे तिथे घटकाभर थांबायचे. जग म्हणजे काय, तर भाऊने सकाळी पुसायच्या आत जे लिहिलेलं असेल ते. मी मुळातच संशयी. आमची आई म्हणायची, ही पोर देवळातल्या तीर्थाचासुद्धा वास घेऊन बघते. मी भाऊला विचारायचे, "हे सगळं खरं कशावरून?" तो हसून म्हणायचा, "रेडिओ सांगतोय ना!" तेव्हा त्याचा रेडिओवर, पेपरवर, सगळ्यांवर विश्वास होता.

तो विश्वास उडाला अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत. दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या त्या म्हाताऱ्या माणसावर गोळ्या झाडल्या, त्या संध्याकाळी नेमकी रेडिओची बॅटरी बसलेली. अलिबागहून आलेल्या कोणा गृहस्थाने बातमी आणली आणि वर आपल्या पदरचं जोडलं. भाऊने घाईघाईने खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'मारेकरी मुसलमान असल्याचे समजते.' पेपरात नेहमी वाचलेला शब्द, तोच हाताला आला. बस्स, एवढं पुरे झालं. फळ्यासमोरची गर्दी बघता बघता मोहल्ल्याच्या तोंडाशी गेली. काल एकमेकांच्या ओटीवर पान खाणारी माणसं हातात बांबू घेऊन उभी. मोहल्ल्यात दारांना आतून अडसर लागले. थोड्या वेळाने कचेरीतला शिपाई सायकल हाणत आला, मारेकरी हिंदू आहे म्हणाला, तेव्हा भाऊ धावत गेला आणि धोतराच्या सोग्याने ती ओळ पुसली. पुढे पेपरांनी मारेकऱ्याची जातही छापली, आणि मग आमच्या कौलांवर दगड आले, ते वेगळंच. पण मोहल्ल्यातल्या एका घराचं त्या संध्याकाळीच मन उडालं. ते घर हसनमियाँचं, भाऊच्या लहानपणच्या दोस्ताचं; तो शिडाच्या मचव्यावरून मुंबईला नारळ न्यायचा. त्याचा धाकटा भाऊ त्याच वर्षी कराचीला गेला तो गेलाच. जाताना आमच्या दारावरून गेला, पण आत आला नाही.

त्यानंतर भाऊने 'समजते' हा शब्द टाकला. 'बोलले जाते', 'गोटातून कळते', सगळेच टाकले. आणि फळ्याच्या तळाशी एक नवी ओळ सुरू केली, 'अजून कळलेले नाही'. म्हणजे वर बातमी, आणि खाली तिच्यातलं काय अजून ठाऊक नाही ते. कुठे आग लागली तर वर आग, खाली 'कशाने लागली ते अजून कळलेले नाही'. बोट बुडाली तर 'किती माणसे होती ते अजून कळलेले नाही'. गावाने आधी टर उडवली. पोरंटोरं एकमेकांना म्हणायची, "आज जेवायला काय? अजून कळलेलं नाही!" मीही चिडवायचे. पण हळूहळू लोकांना त्या ओळीचा भरवसा वाटायला लागला. जे कळलेलं नाही ते हा माणूस सांगतो, म्हणजे वर जे लिहिलंय ते याने नक्की तपासलंय, असा हिशेब. भाऊ जे लिहील ते पक्कं, अशी त्याची पतच झाली. मला मात्र ती पतही संशयाची वाटायची. एका माणसाच्या शब्दावर अख्खं गाव चालायला लागलं की मला धडकी भरते.

मग पासष्टचं युद्ध आलं. काचांवर काळे कागद, तिन्हीसांजेला दिवे बंद, आणि दिवसभर पेपरची वाट. त्या दिवसांत भाऊ डोळे तपासायला माझ्याकडे अलिबागला येऊन काही दिवस राहिला होता. डॉक्टरांनी औषध घातलं, त्याला धड दिसेना, म्हणून पेपर मीच त्याला वाचून दाखवत होते. त्यात बातमी होती, मुंबईच्या बाजूला आदल्या दिवशी रेल्वेच्या रुळांवर स्फोट झाला, काम करणारी दोन माणसं जखमी. मथळा साधाच होता. शाळा बंद होत्या, म्हणून मी भाऊला पोचवायला गावी आले आणि तिथेच राहिले. पुढच्या पेपरात स्फोटाचा 'घातपात' झाला. मग घातपात करणारी 'टोळी' आली. आणि मग एके दिवशी ठसठशीत अक्षरांत, 'कुलाबा किनाऱ्यावर घातपात्यांचा सुळसुळाट?' कुलाबा म्हणजे आमचाच जिल्हा. भाऊ म्हणाला, "जखमी तीच दोन माणसं, बयो. शब्द तेवढे रोज वाढतायत." ते प्रश्नचिन्ह तर मी जन्मात विसरणार नाही. छापणाऱ्याने आपली मान सोडवून घेतली आणि आमच्या गळ्यात भीती अडकवली.

गावाची पाचावर धारण बसली. स्फोट झाला कुठल्या कुठे, पण आमच्या समुद्राकाठच्या पुळणीवर चिटपाखरू फिरकेना. कोळ्यांनी पहाटे होड्या काढणं थांबवलं. लाटेबरोबर तुपाचा एक रिकामा डबा वाहून आला, तर अर्धं गाव दुपारभर सुपारीच्या वाडीत पालथं पडून होतं, मीसुद्धा. हसू नका. तुम्हीही पडला असतात. भाऊने फळ्यावर लिहिलं, 'रुळांवर स्फोट झाला. दोन माणसे जखमी. स्फोट कोणी केला ते अजून कळलेले नाही.' घातपाती नाही, टोळी नाही, सुळसुळाट नाही. लोक खवळले. काशीबाई कोळीण टोपली आपटून म्हणाली, "पेपरवाला एवढा लिवतंय, तो काय खुळा हाय? भाऊ, तुमी लपवताव कोनाला?" मलाही तोच प्रश्न पडला होता. कारण तोवर जो तो हळू आवाजात एकच विचारत होता, त्या दिवशी हसन कुठे होता? धाकटा भाऊ कराचीला, मचवा मुंबईला ये-जा करणारा, आणखी काय हवं! त्याचा मचवा त्याच सुमारास पुळणीवर ओढून ठेवलेला सगळ्यांनी पाहिला होता, पण नेमका कधी ओढला आणि कधी पाण्यात घातला ते कोणाला सांगता येईना. मचवा जाळायचा बेत चालला होता. हसनच्या सुनेला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही.

हसन दुपारी आमच्याकडे आला, मागच्या दाराने. इतक्या वर्षांत तो कधी मागच्या दाराने आला नव्हता. मी चुलीपाशी होते, मला सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, "भाऊ, तू फळ्यावर खाली जागा सोडतोस ना, कोणी केलं ते कळलेलं नाही म्हणून… लोक तिथे माझं नाव वाचतात." मग दोघं हळू आवाजात बोलत बसले. ते मला ऐकू आलं नाही, आणि खरं सांगते, मला तेही संशयास्पद वाटलं.

संध्याकाळी भाऊने फळा लिहिला : 'स्फोटाच्या दिवशी हसनमियाँचा मचवा आपल्या पुळणीवर ओढलेला होता. तळाला डांबर लावण्याचे काम चालू होते. हसनमियाँ दिवसभर तेथेच होते. हे मी स्वतः पाहिले आहे.' खाली सही. फळ्यावर सही त्याने कधीच केली नव्हती. तळाची ती नेहमीची ओळ मात्र नव्हती. गर्दी जमली, कोणीतरी मोठ्याने वाचलं. काशीबाईने विचारलं, "भाऊनं सोता बगितलंय? तसा लिवलंय?" हो म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग मिटला." आणि टोपली उचलून चालू लागली. तिच्यामागे बाकीचेही पांगले. दुसऱ्या दिवशी हसनच्या सुनेने विहिरीवर पाणी भरलं.

मी मात्र दारातच भाऊला गाठलं. "भाऊ, तू तर त्या दिवशी माझ्याकडे अलिबागला होतास! तुझ्या डोळ्यांत औषध होतं. तू कसलं पाहिलंस?" तो म्हणाला, "चहा टाकतेस?" मी पुन्हा विचारलं. त्याने चपला काढल्या, पाय धुतले आणि झोपाळ्यावर जाऊन बसला. मी चहा टाकला. त्या फळ्यानंतर त्याने खडू हातात घेतला नाही. चिटणीसपद सोडलं. लोक म्हणाले, डोळे गेले बिचाऱ्याचे. डोळे ठणठणीत होते, औषधाने चांगलं दिसायला लागलं होतं. भाऊ नेमका कोणत्या दिवसांत गावात नव्हता ते कोणाच्या ध्यानात नव्हतं. मीही कोणाला काही बोलले नाही, पण माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला. ज्याने न पाहिलेलं अक्षर इतकी वर्षं लिहिलं नाही, तो धडधडीत खोटं लिहितो, म्हणजे हसनच्या अंगाशी येणारं काहीतरी नक्की असणार. पुढे त्या पेपरात आतल्या पानावर, पंचांगाच्या खाली, बारीक टाइपात दोन ओळी आल्या. रुळांलगत कामासाठी साठवलेली सुरुंगाची दारू निष्काळजीपणाने पेटली होती. घातपात नव्हताच. त्या दोन ओळी गावात कोणी वाचल्या असतील तर मी आणि भाऊ. भाऊने घडी घालून पेपर बाजूला ठेवला. मला वाटलं, आता तरी बोलेल. तो वाडीत शिंपणं काढायला, झाडांना पाणी द्यायला निघून गेला.

दिवसकार्य आटोपलं आणि पाहुणे गेले तेव्हा हसनमियाँ आला, या वेळी पुढच्या दाराने. भाऊच्या खोलीत बसला. तिथे भाऊचा रेडिओ अजून आहे, शेजारी पाठ मोडलेली खुर्ची आहे. बातम्या ऐकताना भाऊ त्या खुर्चीवर कधी बसला नाही, उभा राहून ऐकायचा. मी हसनपुढे चहा ठेवला आणि मला राहवलं नाही. "हसनमियाँ, तो मचवा त्या दिवशी पुळणीवर होता का?"

"नव्हता," तो म्हणाला. "मुंबईत होता. बंदरावर. मी पण तिथेच. सुकाणू मोडलं होतं, सुताराकडून करून घेत होतो." चहा तसाच ठेवून तो बोलत राहिला. "मी भाऊला म्हटलं, जे खरं ते लिही. मुंबईत होता, सुकाणू करत होता, असं लिही. तर म्हणाला, हसन, 'मुंबईत होता' एवढंच वाचतील. पुढचं कोणी वाचणार नाही." मग त्याने कपबशी बाजूला सारली. "नंतर मी त्याला पुष्कळ सांगितलं, खडू घे, गावाला तू पाहिजेस. तो म्हणाला, आता मी लिहिलेलं मलाच खरं वाटायचं नाही."

आणि तरीही, काय सांगू, माझ्या तोंडातून निघून गेलं, "सुकाणू खरंच मोडलं होतं?" हसनमियाँने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. सवय झालेल्या माणसाने पाहावं तसं. मग त्याने सुताराचं नाव सांगितलं, त्याचं दुकान कोणत्या गल्लीत ते सांगितलं, लाकूड कोणतं वापरलं ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तरी सगळं सांगितलं.

निघताना त्याला म्हटलं, "मी भाऊवर पेपरात लिहिणार आहे. हे सगळं लिहू का?" उंबऱ्यावर थांबून त्याने बराच विचार केला. "लिहा, ताई," तो म्हणाला. "भाऊ खोटं का बोलला ते लोकांना कळू दे. गावाचं नाव घालू नका. आणि माझं बदला. आता मचव्यावर रोज नवे उतारू बसतात. तेही 'मुंबईत होता' एवढंच वाचतील."

मी बदललं आहे.