बागेच्या फाटकात आत्याची घागर

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेसहाला, लातूरच्या एका नव्या बागेच्या फाटकात. तिच्या काखेत रिकामी घागर होती म्हणून तिला आत सोडलं नाही. आत कारंजं चालू होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्रकं वाटून वाटून मला एवढं कळलंय, की मुद्द्याची ओळ येण्याआधीच लोक कागदाची घडी करून खिशात घालतात.

तेव्हा जिल्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून बोटाला लागायचा. वडील एका कचेरीत शिपाई. त्यांची अहमदपूरहून लातूरला बदली झाली आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. मी नांदेडला कॉलेजात होते. तिथे अभ्यास कमी केला, पत्रकं जास्त काढली. स्टेन्सिल कापायचं, शाईचा रूळ फिरवायचा, चौकात उभं राहून वाटायचं. गोदावरीकाठचं शहर म्हणून नांदेडचं केवढं कौतुक ऐकलं होतं. त्या उन्हाळ्यात घाटाच्या पायऱ्या उतरून संपल्या तरी पाय कोरडेच राहायचे. त्यावरही पत्रक काढलं. त्यानं काही झालं नाही. सुट्टीला घरी आले ती थकूनच आले, आणि दारात पाऊल टाकताच आईनं हातात कळशी दिली. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं.

आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. सकाळी येईल, दुपारी येईल, शेजारच्या गल्लीत उभा राहील आणि तिथूनच परत जाईल. त्यामुळे घराबाहेर पडताना बायका काहीतरी भांडं घेऊनच निघायच्या. कोण जाणे, वाटेत टँकर दिसला तर. बाजारात जाताना हंडा, दवाखान्यात जाताना डबा. लग्नाला गेलेल्या एका बाईच्या हातात आहेराच्या पिशवीबरोबर बादली मी पाहिली आहे, आणि मांडवात तिला कोणी हसलं नाही.

अशा आठवड्यात इथल्या एका दैनिकात चौकट आली : सुट्टीत शहरात काय काय पाहाल. थंडगार हवेच्या थिएटरात दुपारचा खेळ पाहा. साड्यांचं प्रदर्शन पाहा. जादूचे प्रयोग पाहा. आणि संध्याकाळी सहकुटुंब नव्या बागेत जा, तिथे रंगीत दिव्यांचं कारंजं सुरू झालेलं आहे. ही चौकट मी आईला वाचून दाखवली, एकेक शब्द दाताखाली चावत. वाटलं, आई भडकेल. आई म्हणाली, "बरं झालं. आक्का येणार हायत. त्यांना दावायला काहीतरी झालं."

आक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. जळकोटच्या अलीकडच्या एका खेड्यात राहायची आणि दुष्काळी कामावर खडी फोडायची. ते काम आठवडाभर बंद पडलं तसा वडिलांनी निरोप धाडला, ये, जिल्ह्याचं गाव बघून जा. आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी मिळाली बघ तुला, असं मी म्हणाले, तर ती म्हणाली, "सुट्टी कशाची बाई, काम न्हाई म्हणून बसलेव."

तिला आणायला मी स्टँडवर गेले. एसटीतून आधी उतरली ती पितळेची घागर. तोंडाला ओलं फडकं, वर सुतळी आवळलेली. मागून आत्या. आणि तिच्या मागे कंडक्टर ओरडत होता, "मावशी, पुढच्या बारीला घागरीचं हाफ तिकीट फाडीन. सबंध सीट आडवली तिनं!"

"फाड की," आत्या म्हणाली. "तुझ्यापरीस ती गप बसली. एक थेंब सांडला न्हाई."

घागर भरलेली होती. त्या दोन वर्षांत आमच्याकडे अशी रीत पडून गेली होती. पाहुणा यायचा तो स्वतःचं पाणी घेऊन यायचा. जेवायला वाढा, झोपायला जागा द्या, पण तुमच्या रांजणात तांब्या बुडवायचा नाही. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोलून दाखवत नव्हतं. पोस्टकार्डात 'येतोय' लिहिलं की 'पाणी घेऊन येतोय' हे त्यात आलंच. आणि जुनी रीत तर होतीच, की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. या दोन रीती एकत्र आल्या आणि त्यांच्यात माझी आई सापडली.

कारण आत्याचं पाणी आम्ही प्यायलो. ती आली त्या दिवशी टँकर आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. रांजण खरवडून झाला. आई घागरीकडे बघायची आणि तोंड फिरवायची. शेवटी आत्यानंच फडकं सोडलं. "पी ग. मी काय घागरीची पूजा कराय आणलेव का?"

त्या पाण्याची गोष्ट तिनं पाणी देता देता सांगितली. आमच्या लोकांच्या विहिरीला तळ लागला होता. पाणी होतं ते एका बागायतदाराच्या विहिरीला. त्याचा गडी मोटारीच्या पाइपातून घागर भरून द्यायचा, पण पाइप वर धरून. "घागर लांब धर, लांब धर म्हणतोय. म्या म्हणलं, तुझा पाइप बाटंल का माझी घागर, ते तरी सांग. हासला मेला. पर भरून दिली." ती सांगत होती आणि आम्ही ते पाणी घोटघोट पीत होतो. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळाही तयार झाला. पण लिहायला उठावंसं वाटलं नाही.

घागर रिकामी झाली तेव्हा आई म्हणाली, "आक्का, तुमची घागर म्या भरूनच धाडीन. रिकामी जाऊ देनार न्हाई." आत्या रविवारी जाणार होती. बस्स. त्या आठवड्याला घरात दुसरं कामच उरलं नाही. शहर दाखवायचं आत्याला, आणि पाणी दाखवायचं घागरीला.

घागर सगळीकडे आमच्याबरोबर आली. दुपारच्या सिनेमाला थिएटरच्या माणसानं विचारलं, "ही कुठं?" आत्या म्हणाली, "ही माझ्या मांडीवर. लेकरू हाय म्हण." खेळ सुरू झाला, थंड हवा सुटली, आणि आत्या घागरीवर गाल टेकून झोपली. मध्यंतरात मी नळाशी जाऊन आले. नळाच्या तोंडाला चिंधी बांधलेली. सिनेमा सुटला तरी तिला उठवावंसं वाटेना. खडी फोडणाऱ्या बाईला थंड हवेत, पडद्यावरच्या रडण्याच्या आवाजात, एवढी गाढ झोप लागलेली.

साड्यांच्या प्रदर्शनात तिनं एका साडीला हात लावला, विक्रेत्यानं ती झटकून उलगडली, आणि तिनं विचारलं, "ही धुवायला पानी किती लागतंय?" तो बिचारा म्हणाला, "मावशी, ही ड्रायक्लीनची." याचा अर्थ मी सांगितला तेव्हा ती तिथेच खो खो हसली. "मंग द्या की गावभर ड्रायक्लीनच्या! आंघोळ बी तसलीच शोधा आमच्यासाठी."

आणि जादू. जादूगार एका तांब्यातलं पाणी बादलीत ओतून तो रिकामा करायचा, दुसरा प्रयोग दाखवायचा, आणि पुन्हा तोच तांब्या उलटा करायचा, की पुन्हा पाणी. लोक टाळ्या वाजवत होते. तिसऱ्यांदा पाणी पडलं तशी आत्या उभी राहिली, घागर दोन्ही हातांनी पुढे धरून.

"आरं बाबा, त्या बादलीत कामून वतून राहिला? हिकडं वत की!"

सगळं सभागृह हसलं. जादूगारही हसला. तो हुशार माणूस, म्हणाला, "खेळ सुटल्यावर भेटा मावशी." आम्ही खरंच गेलो. पडद्यामागे तो घाम पुसत बसला होता. त्यानं बादली दाखवली. तळाला जेमतेम पाणी, त्यात रंगीत कागदाचे कपटे. "एवढंच असतं मावशी. तेच ते. उद्याच्या खेळाला पुन्हा हेच वापरायचं." आत्यानं बादलीत वाकून बघितलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "तुझं पोट हाय त्याच्यावर."

मधे एकदा टँकर आला. गल्लीतली सगळी भांडी एकमेकांवर आदळली. आमच्या वाट्याला दोन कळश्या आल्या, त्या रांजणात गेल्या, आणि त्यातलंच सगळे प्यायलो. आई रांजणाकडे बघायची, घागरीकडे बघायची. आत्या तिला टोमणा मारायची, "नजरेनं भरती का ग ती?" मला विचारायची, "आन तू एवढे कागद काळे करतीस, तुझ्या कागदानं तरी भरती का?" मी म्हणाले, कागद वाचून लोक उठतात, आत्या. ती म्हणाली, "उठतेत का? मंग नांदेडला उठलेले कुठं गेले?" मी इतकी दमले होते, की तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटले.

शनिवारी बाग उरली होती.

फाटकाशी गर्दी होती. गजरे, फुगे, आइसफ्रूटची गाडी. लोखंडी जाळीतून कारंजं दिसत होतं. पाणी तांबडं होऊन वर जायचं, हिरवं होऊन खाली पडायचं. लोक आत शिरत होते. आमची पाळी आली तसा रखवालदारानं हात आडवा केला. "मावशी, घागर बाहेर."

"कामून?"

"लोकं आतून पाणी भरून नेतात."

"मंग पाणी हाय म्हण की आत."

मागच्या लोकांत कोणीतरी हसलं. मी पुढे झाले. म्हणाले, नियम दाखवा. त्यानं मान वळवून पाटी दाखवली. ताज्या रंगानं लिहिलं होतं : घागर, कळशी, हंडा, डबा आत नेण्यास मनाई आहे. मी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. एवढी साधी, एवढी सरळ भाषा मला आजवर एकाही पत्रकात जमली नव्हती. कोणाला आत घ्यायचं नाही ते त्यांनी भांड्यांच्या नावानं सांगून टाकलं होतं.

"ठेवा की बाहेर," रखवालदार हळू आवाजात म्हणाला. "मी लक्ष ठेवतो. कारंजं बघा आन या."

आत्या म्हणाली, "गावात म्हणतेत, घागर लांब धर. हितं म्हणतेत, घागर बाहेर ठेव. म्या घागरीबरुबर आलेव, घागरीबरुबरच जाईन."

मी आवाज चढवला. जे जे शिकले होते ते सगळं बोलले. हे पाणी कोणाचं, टँकर कोणाचा, जिल्हा कोणासाठी झाला. लोक आम्हाला वळसा घालून आत जात राहिले. एक गृहस्थ लेकराला म्हणाले, "चल चल, दिवे बंद करतील." रखवालदार माझ्याकडे बघतही नव्हता. तो आत्याकडे बघत होता. "मावशी, तुमच्याकडं टँकर येतो का?"

"कुठला तू?"

"शिरूर अनंतपाळकडला."

"तुमच्याकडं येतो का?"

त्यानं नुसती मान हलवली. नाही. मग म्हणाला, "मी सोडलं असतं वो. माझी नोकरी जाईल."

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. अगदी जादूगाराला म्हणाली होती तशीच. मग ती जाळीशी दगडावर बसली, घागर मांडीवर घेऊन, आणि कारंजं बघत राहिली. दिवे बंद झाले तेव्हा उठली. "बघितलं," म्हणाली. "चल."

वाटेत मी म्हणाले, आत्या, यावर पत्रक काढते. ती म्हणाली, "काढ. पर त्यात मला 'बिचारी' लिव्हू नको."

रविवारी सकाळपासून आई दारात उभी होती. टँकर आला नाही. रांजणात होतं ते द्यायला ती तयार होती, आत्यानं तांब्यावर हात ठेवून अडवलं. "तुमी काय पिताल?" शेवटी आईनं डब्यातले शेंगदाणे काढले, असतील नसतील तेवढे, आणि घागरीत टाकले. रिकामी नको जायला. वर तेच फडकं बांधलं, सुतळी आवळली, आणि बांधता बांधता रडली. आत्यानं घागर कानाशी धरून हलवली. दाणे खुळखुळले. "आयकलं का ग," ती आईला म्हणाली, "वाजती तुझी घागर. लेकरं खुश व्हतील."

स्टँडवर तोच कंडक्टर भेटला. आज घागर हलकी आहे हे त्यानं उचलतानाच ओळखलं. तिकिटाचं काही बोलला नाही. खिडकीजवळ जागा करून दिली. गाडी निघाली आणि खडखडाटात शेंगदाण्यांचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मला तो ऐकू येत राहिला.

मी पत्रक काढलं. 'बिचारी' लिहिलं नाही. चौकाचौकांत वाटलं. लोकांनी घडी करून खिशात घातलं.

म्हणून आता पत्रक काढत नाही, तुम्हालाच सांगते. तुमच्याही शहरात अशी बाग असेल, अशी पाटी असेल, उन्हाळ्यात काय काय पाहाल ते सांगणारी चौकटही तुम्ही वाचत असाल. या उन्हाळ्यात बागेत जाताना घरातली एक रिकामी घागर घेऊन जा. तुमच्या नळाला पाणी असलं तरी न्या. अंगावरचे कपडे चांगले असू द्या, लेकरं बरोबर असू द्या. घागर बाहेर ठेवा म्हणाले तर ठेवू नका. रखवालदाराशी भांडू नका, त्याच्या साहेबाला फाटकात बोलवा. तो येईपर्यंत घागर मांडीवर घेऊन फाटकातच बसा, आणि दिवे बंद झाले तरी उठू नका.