रोट्राउडने मोजलेले उंचवटे

जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यात ओटमार आणि रोट्राउड शेजारशेजारच्या टेबलांवर बसत. बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या रोलरच्या पोलादावर किती ताण येईल आणि ते कुठे चिरेल, हे आधीच सांगणं हे दोघांचं काम. ओटमार गणित मांडायचा, रोट्राउड पोलादाचा खडबडीतपणा मोजायची.

"तुझ्या गणितातला रोलर म्हणजे नुसता आरसा," ती चिडवायची. "खऱ्या रोलरला उंचवटे असतात, बाबा! तेलाचा थर पातळ झाला की तेच एकमेकांना भिडतात."

"बरं बाई, दे तुझे उंचवटे," म्हणत अखेर ओटमारने तिची सगळी मोजमापं हिशेबात धरली. तेव्हा पृष्ठभागाच्या अगदी लगत ताण वाढलेला दिसला. खरंखोटं करायला रोलर चाचणीला लावला. चाचणी महिनोन्‌महिने चालली आणि त्यातच रोट्राउड कॅन्सरने गेली.

वसंतात रोलर चिरला, नेमका हिशेबाने दाखवलेल्या जागी. ओटमार हर्षाने शेजारच्या टेबलाकडे वळला. तिथे रिकामी खुर्ची होती.

संध्याकाळी तो रोलर घेऊन तिच्या नवऱ्याकडे गेला. एकहार्ट बेकरी चालवायचा. त्याने त्या चिरेवरून अंगठा फिरवला.

"जेवताना ती रोज हेच बोलायची रे. मी नुसती मान हलवायचो. आता तू सांग, अगदी पहिल्यापासून."

ओटमार सांगत राहिला. एकहार्टच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी काही कळलं नाही की तो हात वर करून त्याला थांबवत होता आणि पुन्हा विचारत होता.