गोल होडीतलं कन्नड

बंगलोरला येऊन महिनाच झाला होता. बायको-मुलीला घेऊन कावेरीवर सहलीला गेलो, तेव्हा बांबूच्या गोल होडीत म्हाताऱ्या नावाड्याने आम्हाला वजनं बघून बसवलं; मला, जड सामान म्हणून, स्वतःसमोर. भर पात्रात फोटो काढायला मी उभा राहिलो. होडी कलली, मुलगी किंचाळली.

"बेडा! बेडा!" नावाडी ओरडला.

"वेडा कोणाला म्हणतोस?" मी उभ्यानेच गरजलो.

"अहो, बसा! बेडा म्हणजे नको!" बायकोने मला खाली ओढलं.

म्हाताऱ्याने माझ्या गुडघ्यावर ओला हात दाबून ठेवला आणि काठापर्यंत एकाच हाताने वल्हं मारलं. उतरल्यावर त्याने मोडक्या हिंदीत बायकोला विचारलं, "अक्का, वेडा म्हणजे काय?"

तिने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. इतक्या झटपट मराठी शिकलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.